गारपिटीची माफी मागणारा माणूस

माफी मी दिली नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाला वाटायला नको की बुढा शेवटी विरघळला असेल. नाही विरघळलो. तो माणूस माझ्या ओसरीवर येऊन हात जोडून उभा राहायचा. गारांची माफी मागायचा, उन्हाची मागायचा, भर वैशाखात आलेल्या पावसाची मागायचा, आणि मी दर वेळी म्हणायचो, "चहा पी अन् जा." आता तो नाही. माझा अर्धा बगीचाही नाही. उरलेल्या अर्ध्यात बसून हे लिहून राहिलो. माझी शाळा चौथीपर्यंतची. काना-मात्रा चुकला असेल तर सांभाळून घ्या, असं मी म्हणणार नाही. वाचणाऱ्यानं नीट वाचावं.

सौंसरहून रामाकोन्याकडे जाताना रस्त्याला लागून आमचा संत्र्याचा बगीचा आणि त्याच्या धुऱ्याला लागून त्याचा. मधला बांध दोघांचा. तो मूळचा इकडचाच, पण मिशी फुटायच्या वयात छिंदवाड्याच्या पलीकडे कोळशाच्या खदानीत कामाला लागला, तो थेट रिटायर होऊनच परत आला. तेव्हापासून गावात त्याला नावानं कोणी हाक मारली नाही. सगळे म्हणत, खदानवाले. मीही तेच म्हणायचो.

खदानीत खाली उतरलं की आधी छत ठोकून पाहतात म्हणे. लोखंडी सळाख वर मारायची. टणक आवाज आला तर कामाला बसायचं, पोकळ आला तर पळायचं. ही सवय त्याच्या हाडात मुरलेली. कोणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी काठीनं वरचं लाकूड ठोकायचा. सौंसरला एका लग्नात पंगत बसली, सगळ्यांच्या पत्रावळीवर भात पडला आणि हा उभाच. काठीनं मांडवाचा आडवा बांबू ठोकून राहिला. मांडववाला धावत आला, "काका, काही गलती झाली का?"

"नाही बाप्पा. आवाज चांगला आहे. बसतो आता."

बगीच्यात यायचा तेव्हा वर काही ठोकायला नसायचं. मग काठी आभाळाकडे करून क्षणभर थांबायचा. "याले ठोकता येत नाही गा," म्हणायचा. "म्हणून याचं भेव लागते."

कपडे पांढरे. धोतर पांढरं, सदरा पांढरा, टोपी पांढरी, खांद्यावरचा दुपट्टाही पांढरा. चिखलात काम करतानाही सोवळ्यातल्या बामणासारखा बोटांवर चालायचा. मी म्हणायचो, "कास्तकार आहे का नवरदेव?" तो म्हणायचा, "जितकं काळं घालाचं होतं तितकं घालून झालं." घड्याळ त्याच्याजवळ नव्हतं, त्याची वेळ पालीची, म्हणजे खदानीतल्या शिफ्टची. "दुसऱ्या पालीत येतो" म्हणजे दुपारनंतर. एका कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे तो कानात सांगायचा ती गोष्ट रस्त्यापलीकडच्या लोकांनाही ऐकू जायची. गावातली किती गुपितं त्याच्या कुजबुजीनं फुटली, त्याचा हिशेब नाही.

बगीच्याचं काम मी त्याला शिकवलं. त्याला कलम बांधता येत नव्हतं, आळं करता येत नव्हतं. पण शिकवलेलं विसरायचा नाही. फक्त एका गोष्टीवर अडला. ताणावर.

ज्यांनी संत्रं फक्त खाल्लं त्यांच्यासाठी सांगतो. मिरगाचा बहार घ्यायचा असला तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. झाड पान गुंडाळते, पिवळं पडते, पान गाळते. पाहणाऱ्याला वाटते, मेलं. मग मिरगाचा पाऊस येतो आणि त्या तहानेचं फूल होते, सारा बगीचा घमघमते. आमच्या घरची रीत अशी की अक्षय तृतीयेला पितरांचं जेवण झालं की त्याच दुपारी पाण्याचा दांड मातीनं बुजवायचा. आधी माझ्या बापानं बुजवला, मग मी. त्या दिवसापासून मिरगापर्यंत एक थेंब नाही. तो सौदा झाडाचा आणि आभाळाचा. माणूस नुसता मधला दलाल.

पहिल्या वर्षी मी दांड बुजवत होतो तेव्हा तो धुऱ्यावर उभा राहून पाहत होता.

"तहानलेल्याले पाहून चूप राहाचं?" म्हणाला.

"हो."

"अन् पाऊस नाही आला तर?"

मी हसलो होतो. तेव्हा हसण्यासारखीच गोष्ट होती ती. मिरगाला पाऊस नाही आला तर, म्हणजे काय?

मग सौंसरला शेतीखात्याची एक सभा झाली. मी नाश्त्यासाठी गेलो होतो, खोटं कशाला सांगू. तो माझ्यासोबत आला. एक तरुण बाई बोलून राहिली होती. चांगलं बोलत होती, समजेल असं. म्हणाली, पृथ्वीच्या अंगावर हवेची एक गोधडी आहे, ती नसती तर आपण थंडीनं मेलो असतो. पण आपण कोळसा जाळला, डिझल जाळलं, जंगल तोडलं, आणि एका गोधडीवर दुसरी, दुसरीवर तिसरी टाकत गेलो. आता आत गुदमरून राहिलं. गरम झालेली हवा पाणी जास्त धरून ठेवते, म्हणून पाऊस यायचा तेव्हा येत नाही आणि आला की बादली उपडी केल्यासारखा येते. लोकांनी औषधाचं विचारलं, रोपांचं विचारलं. हा उठला.

"बाई, कोळसा जळाला तर त्याचा धूर किती दिवस वरतं राहते?"

"काका, दिसतो तो धूर निघून जातो. पण त्यातली जी हवा गरमी धरते ना, ती शेकडो वर्षं राहते."

"म्हणजे मी जवान होतो तेव्हा काढला, थो?"

बाई हसून म्हणाली, "तोही बराचसा वरच आहे, काका." आणि ती पुढच्या माणसाकडे वळली. तिचा काही दोष नाही. तिला काय माहीत कोणाला काय सांगितलं.

तो खाली बसला. छत न ठोकता बसला, हे मी तेव्हाच पाहिलं. परत येताना बसमध्ये दांडीला धरून उभाच राहिला. मग एकदम त्याच्या त्या कुजबुजीत, सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "खाली होता थो बरा होता. मी वर काढला."

त्याच वर्षी होळीच्या आधी गारा पडल्या. तोडायला आलेली संत्री खाली, आणि जी झाडावर राहिली त्यांना भोकं. मी ओसरीवर डोकं धरून बसलो होतो. तो आला. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. ओसरीचं लाकूड ठोकलं आणि बसला नाही. हात जोडले.

"गलती झाली, भाऊ."

"कायची?"

"गारांची."

"गारा तू पाडल्या?"

"पाडल्या नाही. पण कोळसा मी काढला."

मला वाटलं थट्टा करून राहिला. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

"काहून गा," मी म्हटलं, "खदानीत तू एकटाच होता का?"

"नाही. लय होते. पण थे इथं राहत नाहीत. इथं मीच आहे."

"चहा पी अन् जा."

चहा पिऊन तो पुढच्या घरी गेला. मग त्याच्या पुढच्या. जिथं जास्त नुकसान तिथं आधी, अशी त्याची रीत होती, आणि माझं घर पहिलं होतं म्हणजे माझं नुकसान सगळ्यात जास्त, हे मला त्याच्यावरूनच कळलं. रामाकोन्याच्या रस्त्यावर एक म्हातारी एकटी राहायची, दोन ओळी संत्री होती तिची. तिनं म्हटलं, "केलं बाप्पा माफ. मी आता कोणाकोणावर रागावू? बस, भाकर खा." तो परत आला तेव्हा त्याचं तोंड असं उजळलेलं की जसं बढती मिळाली. दुसऱ्या एकानं, कापसाची पऱ्हाटी सडली होती त्याची, आईबहिणीवरून शिव्या दिल्या. यानं मान खाली घालून सगळ्या ऐकल्या आणि तो दम घ्यायला थांबला तेव्हा विचारलं, "झालं, का अजून आहे?" तो माणूस मग रडला म्हणतात. मी पाहिलं नाही.

चहाच्या टपरीवर त्याची मजा चालायची. एक जण म्हणाला, "खदानवाले, माह्या बायकोचं डोकं दुखून राहिलं. थे बी तुमच्याच कोळशानं का?"

"उन्हानं दुखत असंल तर हो," तो गंभीरपणे म्हणाला. "येऊ का घरी?"

"नको बाप्पा, थे मलेच माफ करून नाही राहिली, तुमाले काय करंल!"

सगळे हसले. तोही हसला, कारण बाकीचे हसले. त्याला जोक समजला असं मला वाटत नाही.

घरात त्यानं चूल बंद केली, गॅसही बंद करायला निघाला होता. आरसा लावलेली एक पेटी आणली, उन्हात ठेवली की वरण शिजते. ऊन असलं की शिजते. ढग आले की त्या घरी कच्चे पोहे. त्याची बायको तोंडाची फटकळ. मी तिला वहिनी म्हणतो. एकदा ढगाळ दिवशी धुऱ्यावरून ओरडली, "भाऊजी, घरात काही शिजलेलं असंल तर द्या! तिकडं खदानीवर होतो तर काळी भाकर खाल्ली, इथं आलो तर कच्चं खाऊन राहिलो. माह्या कर्मात पांढरी शिजलेली भाकर कधी आहे, तुमच्या मित्राले विचारा."

"मित्र नाही माहा," मी म्हटलं.

"मंग रोज भांडता कोणाशी?"

भांडायचो खरं. रोज. माझं म्हणणं सरळ होतं. मी त्याला म्हणायचो, "तू खाली वाकून टोपली भरत होता. ज्याच्या बंगल्यात प्रत्येक खोलीत एसी चालते, ज्याच्या दारात चार गाड्या उभ्या आहेत, थो आला का कोणाच्या दारात हात जोडाले? मंग तू काहून? तुही चूक नाही. चूकच नाही तर माफ काय करू मी? माफ केलं म्हणजे चूक होती असं ठरते. मी ठरू देणार नाही."

तो म्हणायचा, "तुह्या विहिरीवरची मोटार कायवर चालते?"

"बिजलीवर."

"अन् बिजली?"

"मंग काय मीबी आता दारोदार फिरू?"

"फिर ना. दोघं मिळून जाऊ."

अशा माणसाशी काय बोलायचं!

माझी मुलगी पांढुर्ण्याला दिली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे जातो, गोटमार असते. एका वर्षी तोही आला. जाम नदीच्या या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, मध्ये पळसाचं झाड आणि दोन्हीकडून दगड. आम्ही दूर एका माडीवर उभे होतो. अर्थात माडीचं छत ठोकून झालं होतं. लोक आरडाओरडा करत होते, डोकी फुटत होती. तो लय वेळ पाहत राहिला.

"इथं बरं आहे," म्हणाला.

"काय बरं आहे? रक्त निघून राहिलं तिथं."

"कोणी मारला अन् कोणाले लागला, थे दिसते. समोरासमोर आहेत. संध्याकाळी जाऊन विचारता येते, लय लागलं का गा? माहा दगड मी कधीचाच फेकला. कोणाले लागून राहिला थे समजतच नाही. म्हणून मी सगळ्यांच्याच घरी जातो."

मी म्हटलं, "चाल, पोरीनं जेवाले वाढलं असंल."

आता ताणाची गोष्ट.

एका वर्षी वैशाखात पाऊस आला. दोन दिवस लागून राहिला. माझा ताण मोडला. झाडांना वाटलं आला मिरग, आणि त्यांनी फुलाऐवजी नवती काढली, नुसती कोवळी हिरवी पानं. रस्त्यानं जाणारा म्हणे, वा, काय बगीचा आहे! फूल एक नाही. तो माफी मागून गेला. मी चहा पाजला.

पुढच्या वर्षी बाकीच्या लोकांनी रीत बदलली. कोणी ताण देणंच सोडलं, कोणी हिवाळ्याचा आंबिया बहार धरला, कोणी संध्याकाळी थोडं थोडं पाणी देऊन झाड सांभाळत होतं. माझी बायको म्हणाली, "यंदाचं ऊन वेगळं दिसून राहिलं. इचार करा." मी अक्षय तृतीयेला पितरांना जेवू घातलं आणि दांड बुजवला. बापाची रीत एका पावसानं मोडायची असती तर ती रीत कसली?

मिरग लागला. आभाळ राखेसारखं पांढरं. ढग यायचे आणि कोरडेच निघून जायचे. सकाळी नऊला वावरात पाय टाकवत नव्हता. आणि मग मी ते पाहिलं, जे पाहायला नको होतं. ताणात झाड पान गाळते. गळलेलं पान म्हणजे झाड जिवंत आहे, आपणहून सोडून राहिलं. पण पान फांदीवरच वाळलं आणि चिकटून राहिलं, तर झाडात सोडायचीही ताकद नाही. माझ्या झाडांची पानं चिकटून होती. हात लावला की हातात चुरा.

तो धुऱ्यावर आला. पानाची ही खूण त्याला मीच शिकवली होती.

"पान गळून नाही राहिलं."

"दिसते मले."

"पाणी सोड."

"मिरग लागला आहे. आज ना उद्या येईल. आता पाणी सोडलं अन् परवा पाऊस आला, तर सारा ताण फुकट."

"थो आता वेळेवर येत नाही, भाऊ."

"तू काय हवामान खातं आहे का?"

"मी गुन्हेगार आहे त्याचा. मले माहीत."

मी पाठ फिरवली.

दोनेक दिवसांनी मला पांढुर्ण्याला एका तेरवीला जावं लागलं. मुक्काम करायचा होता, पण झाडांपाशी जीव अडकला होता, म्हणून जेवण झाल्याबरोबर दुपारच्या बसनं परत निघालो. रस्त्यावर उतरलो तर माझी मोटार चालू असल्याचा आवाज. धावत गेलो. या वयात मी धावलो, हे लिहायलाही बरं वाटत नाही.

तो माझ्या बगीच्यात फावडं घेऊन उभा. धोतर गुडघ्यापर्यंत खोसलेलं, सदरा चिखलानं भरलेला, टोपी कुठे तरी पडलेली. मी बुजवलेला दांड फोडलेला आणि पाणी आळ्याआळ्यातून पळत चाललेलं. त्याच्या अंगावर मी पहिल्यांदा डाग पाहिला. धुऱ्यावर माझी बायको बसली होती. मोटारीच्या खोलीची चाबी तिनंच दिली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि उठलीही नाही.

मी आधी मोटार बंद केली. पाणी थांबलं. विहिरीकडचा अर्धा बगीचा भिजला होता, रस्त्याकडचा अर्धा कोरडा.

"कोणाच्या हुकमानं?"

"कोणाच्या नाही."

"माहा ताण मोडला तू."

"मोडला."

"वर्षाचा बहार गेला."

"गेला."

मी थांबलो. मला खात्री होती. हा माणूस गारांची माफी मागते, उन्हाची मागते, कुठल्या म्हातारीच्या दोन ओळींसाठी हात जोडून उभा राहते. इथं तर सगळं समोरासमोर आहे. माझं वावर, त्याचं फावडं. आता हात जोडेल आणि मी त्याला सांगेन काय सांगायचं ते. त्यानं फावडं आळ्यात साचलेल्या पाण्यात धुतलं, झाडाला टेकून ठेवलं आणि धुरा ओलांडला.

"याची माफी नाही मागत मी," म्हणाला. त्याच्या हिशेबानं हळू म्हणाला. रस्त्यावरच्या बैलगाडीवाल्यानं वळून पाहिलं.

मी दांड पुन्हा बुजवला. रस्त्याकडच्या झाडांना पाणी दिलं नाही. पाऊस आला तेव्हा लोक पेरणीची आशा सोडून बसले होते. भिजलेल्या अर्ध्यात फूल आलं नाही, पण पान आलं. कोरड्या अर्ध्यात काहीच आलं नाही. बापानं लावलेली झाडं होती. कुऱ्हाड लावली तेव्हा आतून खडूसारखी निघाली.

त्यानंतर तो माझ्या दारात आला नाही. नुकसान झालं की बाकीच्यांच्या घरी जायचा, पांढरे कपडे घालून, हात जोडून. माझ्या घरासमोरून चालत जायचा आणि पुढच्या घरी थांबायचा. मी ओसरीवर बसलेला असायचो. लोकांना वाटायचं, माफीची कटकट गेली, बुढा सुटला. मीही तसंच म्हणायचो. संध्याकाळी चहा मात्र बायकोनं किती दिवस एक कप जास्तीचा ठेवला, हे मी तिला कधी विचारलं नाही.

खदानीची धूळ त्याच्या छातीत बसलेली होती. ती एका हिवाळ्यात उठली. वहिनी धुऱ्यावर आली, ओरडली नाही, हळू म्हणाली, "भाऊजी, येऊन जा." तेव्हाच समजलं.

त्याची खाट अंगणात निंबाच्या झाडाखाली टाकली होती. घरात झोपायला तयार नव्हता. हाडं वर आली होती, कपडे पांढरेच. मी स्टुलावर बसलो. मला गोड बोलता येत नाही. जे ठरवून गेलो होतो ते बोललो.

"माहा ताण मोडला, त्याची माफी माग. एवढी एक माग. मंग तुह्या गारा, तुहं ऊन, तुहा अवकाळी पाऊस, सगळं माफ. आत्ता, इथं बसून. वहिनी साक्षीला आहे."

मला वाटलं होतं मी लय मोठं मन केलं. तो हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, वहिनीनं पाठ धरली, पाणी पाजलं. दम आल्यावर म्हणाला, "नाही गा. सगळं लय वाईट केलं मी. थेच एक चांगलं केलं. त्याची माफी मागून कसं चालंल?"

"अर्धीच वाचली झाडं," मी म्हटलं. मला भांडणच येते.

"तू दुसरी पाली संपेपर्यंत तेरवीतच बसला असता, तर सगळी वाचली असती."

हे तो रागानं नाही बोलला. पण तो बोलला आणि मला त्या मोटारीचा खटका ऐकू आला, मीच बंद केलेल्या. मी उठलो. "येतो," म्हटलं. त्यानं मान हलवली. परत गेलो नाही. त्या आठवड्यात तो गेला. गावच्या रस्त्यावर इतकी माणसं जमली, जितकी पुढाऱ्याला जमत नाहीत, आणि त्यातल्या निम्म्यांनी त्याला कधी ना कधी शिव्या दिल्या होत्या.

मी माझ्या शब्दाला धरून आहे. अजूनही म्हणतो, कोळसा काढला ही त्याची चूक नव्हती. पण हे आता कोणाला सांगू? ज्याला पटवून द्यायचं होतं तो गेला. बाकीच्यांना मी काही सांगितलं की ते लगेच हो म्हणतात.

यंदा फाल्गुनात पुन्हा गारा पडल्या. माझ्या उरलेल्या झाडांना कमी लागल्या. ढग त्याच्या बगीच्यावरच उभा राहिल्यासारखा होता. त्याच्या झाडांवर मिरगाचा बहार होता, तोडायला आलेला. गारा थांबल्या आणि मी स्वतःचं काही न पाहता धुरा ओलांडला. काहून ओलांडला, मला माहीत नाही. वहिनी झाडाखाली वाकून फुटलेली संत्री वेचत होती. पायाखाली सगळं पिवळं, रसाचा वास, मध्ये गारांचे ढीग. मी तिच्यासमोर उभा राहिलो. बोलायला तोंड उघडलं.

तिनं वर पाहिलं. "माफी मागाले आले असाल तर वापस जा, भाऊजी. मले माफीचा कंटाळा आला आहे. जल्मभर घरात थेच ऐकलं. थे टोपलं घ्या अन् उचलू लागा."

मी टोपलं घेतलं. कमरेतून वाकता येत नाही, म्हणून गुडघे टेकून उचलत गेलो. फुटलेली वेगळी, सालीला डाग लागलेली वेगळी. ती एका ओळीत, मी दुसऱ्या ओळीत. ऊन उतरेपर्यंत झाडांखालचं वेचून झालं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"झाडावर किती राहिली पाहा बरं," म्हणाली. "मले दूरचं नाही दिसत."

मी वर पाहिलं. संत्री कमी अन् आभाळ जास्त दिसलं.